टोलबर्टबाईंचा करंडकांचा धडा

टोलबर्टबाईंचा माणसांवर विश्वास होता, नाही असं नाही. पण तो अंडी पाण्यात सोडून बघतात तसा, रोज सकाळी नव्यानं तपासून घेतलेला. तळाशी बसलं तर ठीक, तरंगलं की बाहेर. साठी ओलांडेपर्यंत तळाशी बसलेली माणसं थोडीच उरली होती, आणि त्यातलीही एकदोन बाईंच्या मते हल्ली जरा हलायला लागली होती.

सवय जुनी. अलाबामातल्या मेल्विन्स फेरी गावात काळ्यांची अझारिया हिल शाळा बंद करून तिथली मुलं गोऱ्यांच्या शाळेत घातली, त्या वर्षी अर्लीन टोलबर्ट सात वर्षांची होती. पहिल्या दिवशी आईनं वेण्या इतक्या आवळून घातल्या की पोरीचे डोळे आपोआप मोठे झाले. मग दारात बजावलं, "कुणी काही खायला दिलं तर घ्यायचं नाही. हसून 'नको, थँक्यू' म्हणायचं. आणि पाठ भिंतीला लावून बसायचं." अर्लीन तशी बसली. पुढं कॉलेज करून आली, त्याच शाळेत आठवीला इतिहास शिकवायला लागली, तरी स्टाफरूममधली तिची खुर्ची भिंतीला टेकलेलीच राहिली. लग्न एकदाच केलं. नवरा एकदा म्हणाला, कामासाठी फ्लोरिडाला जाऊन येतो. बाईंनी त्याच्या बॅगेत लोकरीचा जाड कोट पाहिला. फ्लोरिडात लोकरीचा कोट? महिन्याभरानं त्याचं कार्ड आलं ते डेट्रॉइटहून, बर्फाच्या चित्राचं. त्या दिवसापासून बाईंनी आपल्या संशयाला कधी नावं ठेवली नाहीत. घरात तेवढा एकच जण खरं बोलणारा, असं त्यांचं मत झालं.

फेब्रुवारीत काळ्यांचा इतिहास शिकवायचा, ही शाळेची प्रथा. बाकीचे शिक्षक भिंतीवर थोरामोठ्यांची चित्रं लावून मोकळे व्हायचे. टोलबर्टबाई मात्र पोरांना वर्गाबाहेर काढायच्या आणि मधल्या कॉरिडॉरमधल्या काचेच्या कपाटासमोर उभ्या करायच्या. आत शाळेनं जिंकलेले करंडक. फुटबॉलचे, बेसबॉलचे, वाजंत्री पथकाचे.

"काय दिसतं?" बाई विचारायच्या.

पोरं कंटाळून सांगायची. चेंडू. पुतळे. धूळ.

"आणि काय दिसत नाही?"

मग कुणीतरी काचेला नाक लावून साल वाचायला लागायचं आणि हळूहळू पोरांच्या ध्यानात यायचं, की गोऱ्यांच्या जुन्या शाळेचे करंडक पार आजोबांच्या काळापासूनचे आहेत, एकत्र झालेल्या शाळेचेही आहेत, पण अझारिया हिलचा एकही नाही. ती शाळा काय सगळीकडे हरत होती? मग बाई सांगायच्या. हरत नव्हती. तिचं वाजंत्री पथक तर राज्यात गाजलेलं. बाईंचे वडील शाळकरी वयात त्यात ट्रॉम्बोन वाजवायचे. शाळा बंद झाली तेव्हा ते करंडक ट्रकमध्ये भरले आणि गावाबाहेरच्या कचऱ्याच्या खड्ड्यात नेऊन ओतले.

पोरं पुन्हा कपाटात बघायची. गोरीही, काळीही. आणि मग, पोरांचे चेहरे फार उतरू नयेत म्हणून, बाई एक नक्कल करायच्या. अझारिया हिलचे हेडमास्तर लॉकेट, ज्यांना सगळं गाव प्रोफेसर म्हणायचं, त्यांनी शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या माणसाला शाळेच्या किल्ल्या कशा दिल्या त्याची. खांदे पाडायचे, मान छातीला टेकवायची, दोन बोटांत किल्ल्या धरून लुटूलुटू चालत यायचं आणि म्हणायचं, "घ्या साहेब." पोरं खो खो हसायची. "तोंडातून अवाक्षर नाही काढलं," बाई म्हणायच्या, "आणि बदल्यात काय मिळालं? शाळेच्या बसगाड्यांवर देखरेख!" वडिलांनी बाईंना जेवणाच्या टेबलावर हे करून दाखवलेलं होतं, आणि थोडी भर बाईंनी घातली होती.

हा करंडकांचा धडा. गावातली निम्मी माणसं तो शिकून मोठी झाली होती, आणि बाईंनी आयुष्यात स्वतः असं काही तयार केलं असेल तर ते तेवढंच.

तर या फेब्रुवारीत मुख्याध्यापक ओव्हरस्ट्रीटनं त्यांना बोलावून घेतलं. ओव्हरस्ट्रीट पूर्वी फुटबॉलचा प्रशिक्षक, खांद्यांवर थेट डोकं ठेवलेला, पण वागायला मऊ. त्यानं केबिनचं दार लावलं तेव्हाच बाईंनी ओळखलं, काहीतरी शिजतंय.

"मॅम, बोर्डाकडे तक्रार गेलीय. तुमच्या करंडकांच्या धड्यात खोटं शिकवतात म्हणून."

"कुणी केली?"

"ते सांगता येत नाही."

"म्हणजे ठाऊक आहे."

"नाही हो मॅम, देवाशप्पथ. फोन थेट बोर्डाच्या ऑफिसात आला. नाव गुप्त ठेवायचा नियम आहे." त्यानं टेबलावरची पेन्सिल सरळ केली, मग पुन्हा वाकडी केली. "काळ्यागोऱ्यांबद्दल वर्गात काय शिकवायचं, यावर नवा कायदा आल्यापासून बोर्डाला घाम फुटलेला असतो, तुम्हाला ठाऊकच आहे. पुढच्या गुरुवारी बैठक आहे. तक्रार उभी राहिली तर तुमचा धडा बंद. त्याऐवजी एक मंजूर झालेला व्हिडिओ दाखवायचा."

"तुम्ही पाहिलाय तो?"

"पाहिला. म्हणजे, सुरू केला होता."

बाई बाहेर आल्या त्या डोळ्यांत तेल घालूनच. कोण असेल? पहिलं नाव शोधायला लांब जावंच लागलं नाही. वेंडेल हुल्सी. टकर नावाच्या पोराचा आजोबा, गोरा, गावाबाहेर शेतजमीन. पालकांना वर्गात बसायची मुभा आहे, तिचा फायदा घेऊन हा गृहस्थ महिनाभर मागच्या बाकावर येऊन बसत होता. टोपी गुडघ्यावर, तोंडात पेपरमिंटची गोळी. काही लिहून घेत नाही, काही विचारत नाही. फक्त गोळी चावतो. यंदाच्या करंडकांच्या धड्याला तो कॉरिडॉरमध्येही मागं उभा होता, आणि बाईंच्या लक्षात आलं होतं, की करंडक ट्रकमध्ये भरले हे वाक्य आलं, नेमका त्याच वेळी मागून कडकन आवाज आला.

"तोच," बाई लूट्रेलला म्हणाल्या. लूट्रेल त्यांची मावसबहीण, शाळेच्या खाणावळीत वाढायला असायची, आणि बाईंच्या पाण्यात तळाशी बसलेलं एकमेव अंडं.

"तो? अगं, तो माणूस काल माझ्याकडून दोनदा कॉर्नब्रेड मागून घेऊन गेला. हेर असता तर आपल्या हातचं दोनदा खाल्लं असतं का?"

"जेवणाला नावं ठेवायची तर पुरावा नको का पोटात?"

"अर्ले, तुझ्यासारखीच्या घरात आरसा कसा गं टिकतो? रोज विचारत असशील, तू कोण, इथं काय करतेस म्हणून."

बाई हसल्या नाहीत. त्या आठवड्यात त्यांनी हुल्सीला वर्गात शिरताना आणि निघताना पारखलं. नव्या विज्ञानशिक्षिकेला पारखलं, कारण ती हल्ली फारच गोड 'गुड मॉर्निंग' म्हणत होती. झाडूवाल्याला पारखलं. धड्यात कुठं पाणी मुरतंय ते मात्र तपासलं नाही. तो धडा खोटा असेल, ही शंका एवढ्या शंकेखोर बाईंना एकदाही शिवली नाही.

रविवारी माउंट निबो चर्चमध्ये प्रार्थनेनंतर जेवण होतं. लांब टेबलांवर कागद अंथरलेला, तळलेलं चिकन, शिजवलेला पाला, चीज घातलेली मॅकरोनी. हे सगळं कुणीही कुणाच्याही भांड्यातून घेतं. बटाट्याच्या सॅलडचं मात्र तसं नाही. तिथं चमचा आत जाण्याआधी प्रश्न होतो, "हे कुणी केलंय?" आणि उत्तर ऐकल्याशिवाय माउंट निबोतला माणूस ते ताटात घेत नाही. उकडलेला बटाटा, अंडं, मेयोनेज, आणि उन्हाळा असला तर बघायलाच नको. कुणाचे हात कसे, कुणाच्या ओट्यावर काय फिरतं, हे ठाऊक असल्याशिवाय तो जुगार कोण खेळेल? चर्चला सॅलड करायचा मान मिळतो, मागता येत नाही. टोलबर्टबाईंना तो आईकडून आला होता. वरून लाल तिखट भुरभुरलेलं त्यांचं भांडं टेबलाच्या मधोमध असायचं आणि "अर्लीनचं" एवढं उत्तर पुरायचं.

त्या रविवारी बाई भांड्यामागे उभ्या होत्या. रांगेतून सिस्टर मॉडेस्टीन लॉकेट आल्या; त्या चर्चमध्ये थोरल्या बायकांना सिस्टरच म्हणतात. सत्तरीच्या, ताठ, चर्चमध्ये लोकांना जागेवर नेऊन बसवण्याचं काम त्यांच्याकडे, त्यामुळे हातात पांढरे मोजे. त्यांनी चिकन घेतलं. पाला घेतला. बाईंच्या भांड्यातला चमचा उचलला, क्षणभर धरला, आणि परत ठेवला. ताटात सॅलडची जागा चांगली मुठीएवढी रिकामी.

"पोटाचं काही, सिस्टर?"

"पोट ठणठणीत आहे."

"मग?"

"आज नको."

आणि गेल्या.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली नाही, ती धपकन अंगावरच पडली. लग्न असो, मयत असो, मॉडेस्टीननं बाईंचं सॅलड नाकारल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं. ज्याच्या हातचं सॅलड खायचं त्याच्यावर मागून वार करायचा नाही, एवढी त्या चर्चची रीत होती. आणि वार केलाच असेल, तर सॅलड खायचं नाही. मॉडेस्टीन रीत पाळणारी बाई.

"शुगर असेल गं तिला," लूट्रेल भांडी आवरताना म्हणाली.

"शुगर? पीच कॉबलरचं गोड दोनदा घेतलं तिनं. अगं लूट्रेल, ती लॉकेट आहे. प्रोफेसर लॉकेटची मुलगी."

लूट्रेलच्या हातातलं फडकं थांबलं. "आई गं," ती म्हणाली. "आणि तू दरवर्षी त्यांची नक्कल करतेस."

सोमवारी शाळा सुटल्यावर बाई मॉडेस्टीनच्या घरी गेल्या. या घरात मांजरं फार. एक पायरीवर, एक खुर्चीत, एक थेट ओट्यावर. याच मांजरांमुळे मॉडेस्टीनचं सॅलड चर्चमध्ये बाद झालं होतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा त्यांनी भांडं आणलं होतं, "कुणी केलंय?" झालं, उत्तर मिळालं, आणि ते जसं आलं तसं परत गेलं. तेव्हा बाईही रांगेत होत्या.

"तक्रार तुम्ही केलीत," बाई उभ्याउभ्याच म्हणाल्या.

"केली."

समोरून कांगावा होणार, या तयारीनं बाई आल्या होत्या. उलटतपासणीचे प्रश्न ओठांवर होते. ते तिथंच गळून पडले.

"बोर्डाकडे? आपल्या माणसाविरुद्ध? कायदा कुणाच्या हातात कोलीत देतोय, कळतं ना तुम्हाला? मला एक फोन करता आला नाही?"

"तुला?" मॉडेस्टीननं गॅसवरची किटली उतरवली. "तुला मागच्या वर्षी सांगितलं. त्याच्या आधी सांगितलं. चर्चच्या पायऱ्यांवर. म्हटलं, अर्लीन, माझे वडील असे नव्हते गं चालत. तू म्हणालीस, 'बघू हं, सिस्टर,' आणि पर्समध्ये गाडीच्या किल्ल्या शोधायला लागलीस."

बाईंना किल्ल्या आठवल्या. बाकीचं आठवावं लागलं.

"या वर्षी माझी नात आलीय तुझ्या वर्गात. नायला. घरी येऊन मला विचारते, 'आजी, ते लुटूलुटू चालणारे प्रोफेसर म्हणजे आपले का गं? सगळे हसले. मीपण हसले.'"

नायला बाईंना ठाऊक होती. आजीही ठाऊक होती. दोघींना एका ओळीत त्यांनी कधी ठेवलं नव्हतं.

"माझ्या वडिलांनी डोळ्यांनी पाहिलंय ते," बाई म्हणाल्या, पण आवाज जरा खाली आला होता.

"तुझे वडील गुणी वाजवायचे. पण किल्ल्या दिल्या तो मंगळवार सकाळचा, आणि ते कागदाच्या गिरणीत दिवसपाळीला; दिवसपाळीचा माणूस मंगळवारी सकाळी गिरणीत असतो. त्यांनी काय पाहिलं? त्यांचे करंडक गेले, ते चिडले, आणि चिडायला समोर माझे वडील होते. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण तू इतिहासाची बाई ना?"

ओट्यावरचं मांजर उठलं, पाठ ताणली, पुन्हा बसलं.

"सांगते तुला," मॉडेस्टीन म्हणाल्या. "शाळा गेली त्या वर्षी वडील दर शनिवारी कोट घालून, टाय बांधून बाहेर पडायचे. कचरा टाकायला जातो म्हणायचे. कचरा आम्ही परसातल्या पिंपात जाळायचो, मग टाय बांधून कुठला कचरा? आईच्या डोक्यात दुसरंच. तिला वाटलं, बाई ठेवलीय. मला म्हणाली, जा मागनं, बघून ये तिचं तोंड. मी पंधरा वर्षांची. गेले झाडाझाडांतून. वडील खड्ड्यात उतरलेले. कोट घडी करून फांदीवर, टाय तसाच, हातात काठी. कचरा उपसत होते."

"सापडले?"

मॉडेस्टीननं खिडकीकडे हनुवटी केली. भांडी धुण्याच्या साबणाशेजारी वीतभर पितळी पुतळा होता. वाजंत्री पथकाच्या म्होरक्याचा. हातात काठी उंच धरलेली, खालचा दगड गेलेला, मुंडकंही गेलेलं.

"एवढाच. घरी येऊन मी आईला सांगितलं, बाई नाहीये. आई त्या रात्री जेवली."

बाई पुतळ्याकडे बघत राहिल्या. या पथकात वडील होते. "मग ते तेव्हा बोलले का नाहीत? बोर्डासमोर?"

"मला ठाऊक नाही."

"असं कसं?"

"विचारलं होतं. ते म्हणाले, मीठ दे इकडे. शिक्षकांच्या नोकऱ्या राहाव्यात म्हणून गप्प बसले म्हणावं, तर बऱ्याच जणांच्या गेल्याच. भ्याले असतील. थकले असतील. मला ठाऊक नाही अर्लीन, आणि तुलाही ठाऊक नाही. फरक इतकाच की तू ते दरवर्षी करून दाखवतेस."

बाई अखेर खुर्चीत बसल्या. पाठ दाराकडे होती, हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

"तक्रार मागे घ्या, सिस्टर. बोर्डाला तुमच्या वडिलांचं काही पडलेलं नाही, त्यांना माझा धडा नकोय. तो गेला तर करंडकही गेले आणि प्रोफेसरही. कुणी नावसुद्धा घेणार नाही."

"आधी वर्गात येऊन ऐकते. मग बघू." मॉडेस्टीननं फ्रीज उघडला. "कालचं सॅलड आहे. खाशील?"

ओट्यावरचं मांजर पंजा चाटत होतं. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "नको, थँक्यू."

बुधवारी कपाटासमोर पुन्हा वर्ग भरला. पोरं कुरकुरली, हे झालंय बाई. मागं दोन खुर्च्या मांडल्या होत्या. एकीवर मॉडेस्टीन, रविवारची टोपी आणि पांढरे मोजे घालून. दुसरीवर हुल्सी. त्यानं गोळी पुढं केली. मॉडेस्टीननं ती नीट निरखली, घेतली आणि पर्समध्ये टाकली.

बाईंनी नेहमीसारखं विचारलं, काय दिसतं, काय दिसत नाही. ट्रक आला. मागून कडकन आवाज आला. मग किल्ल्यांची जागा आली. पुढच्या ओळीतली दोन पोरं आधीच हसायला तयार होती.

"इथं मी एक नक्कल करते," बाई म्हणाल्या. "ती मी पाहिलेली नाही. ज्यांनी मला दाखवली, त्यांनीही पाहिलेली नव्हती."

"म्हणजे खोटी?" टकरनं विचारलं.

"किल्ल्या दिल्या, हे खरं. गप्प राहिले, हेही खरं असावं. मान खाली होती हे मी घातलं. तुम्ही हसता म्हणून घातलं."

"मग ते गप्प का बसले?"

बाईंना त्या क्षणी पाठीशी भिंत हवी होती. पाठीशी कपाटाची काच होती. "मला ठाऊक नाही," त्या म्हणाल्या. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्यांनी वर्गात उच्चारलं नव्हतं, आणि पोरं त्यांच्याकडे बघायला लागली ती फळ्यावर चूक सापडल्यावर बघतात तशी, मोठ्या आवडीनं. "पण त्यांच्या शनिवारांबद्दल ठाऊक असलेलं माणूस मागं बसलंय."

मॉडेस्टीन उठल्या. त्यांनी शनिवार सांगितले. टाय सांगितला, आईचा संशय सांगितला. पोरं हसली, पण हे हसणं वेगळ्या जागी आलं. मग पर्समधून बिनमुंडक्याचा पुतळा काढून नायलाच्या हातात दिला. तो हातोहात फिरला.

मग हुल्सी बोलला. महिन्याभरात पहिल्यांदा. "तो खड्डा आमच्या जमिनीत होता," तो म्हणाला. "अजून आहे. वरून माती टाकलीय." आणि टोपी घालून निघून गेला.

"आता याला यात काय मिळवायचंय?" बाई लूट्रेलला नंतर म्हणाल्या. लूट्रेलनं कपाळावर हात मारला. हुल्सी का यायचा, हे बाईंना आजतागायत कळलेलं नाही, आणि त्यांनी अजून तपास सोडलेला नाही.

ओव्हरस्ट्रीट पुतळ्यावर फार खूश झाला. "मॅम, हा कपाटात ठेवू या ना! अझारिया हिलचा पहिला करंडक!"

मॉडेस्टीननं पुतळा मोजे घातलेल्या हातांनी परत घेतला. "बघू हं," त्या म्हणाल्या आणि पर्समध्ये घराच्या किल्ल्या शोधायला लागल्या.

गुरुवारी बोर्डाच्या बैठकीत तक्रार आलीच नाही. ती सकाळी मागे घेतली गेली होती. ओव्हरस्ट्रीटनं येऊन सांगितलं, धडा चालू राहू दे. व्हिडिओ मात्र हाताशी असू द्या म्हणाला.

पुढच्या रविवारी चर्चमध्ये मॉडेस्टीन रांगेतून आल्या. बाईंच्या भांड्यातून त्यांनी घसघशीत चमचाभर सॅलड घेतलं. बाईंनी रोखून धरलेला श्वास सोडला. पण जरा घाईच केली. कारण मॉडेस्टीननं टेबलाच्या टोकाला ठेवलेलं एक भांडं उचलून आणलं, वरचा चंदेरी कागद काढला आणि बाईंच्या ताटात तेवढाच मोठा चमचा रिकामा केला. मग तिथंच उभ्या राहिल्या.

"कुणी केलंय?" मागून कुणीतरी कुजबुजलं. उत्तर सगळ्यांसमोर उभं होतं. लूट्रेल लांबून डोळ्यांनी खुणावत होती, नको, नको.

बाईंनी घास घेतला. चावला. दातांखाली काहीतरी मऊ, गोड आलं.

"यात मनुका आहेत," त्या म्हणाल्या.

"वडिलांना आवडायच्या."

बटाट्याच्या सॅलडमध्ये मनुका! माउंट निबोच्या त्या हॉलमध्ये याहून मोठं पाप कुणी कबूल केलं नसेल. बाईंनी घास गिळला. मॉडेस्टीन अजून उभ्याच होत्या, मोजे घातलेले हात एकमेकांवर ठेवून.

बाईंनी दुसरा घास काट्यावर घेतला, मांजराचा केस वगैरे नाही ना म्हणून खिडकीच्या उजेडात जरा फिरवून पाहिला, आणि खाल्ला.